भाड्याचा ट्रेलर आणि दांड्यावरचे वजन

आंबिया बहाराची संत्री तोडणीला आली की काटोलकडच्या आमच्या बागेतून नागपूरच्या कळमना बाजारात माल पोहोचवण्यासाठी मी पिकअपमागे भाड्याचा ट्रेलर जोडतो. स्वतंत्र ट्रक ठरवावा इतका माल नसतो आणि पिकअपच्या हौद्यात सगळी कॅरेट मावतही नाहीत, तेव्हा ही सोय फार उपयोगी पडते. मात्र ट्रेलर ओढणे म्हणजे सारा चालकाच्या हाताचा खेळ, असे जे सर्रास मानले जाते, ते मला अर्धेच खरे वाटते; साठेक किलोमीटरच्या त्या रस्त्यावर ट्रेलर कसा वागणार, हे बहुतांशी बागेत कॅरेट रचतानाच ठरून जाते.

ट्रेलरच्या एकूण वजनापैकी साधारण १० ते १५ टक्के वजन पुढच्या दांड्यावर, म्हणजेच पिकअपच्या हूकवर यावे लागते. मालासह ट्रेलर ८०० किलोंचा असेल तर हा भार ८० ते १२० किलो होतो, आणि तो पिकअपच्या हूकसाठी उत्पादकाने ठरवून दिलेल्या मर्यादेत बसला पाहिजे; बसत नसेल तर माल कमी करणे हाच उपाय आहे. वजन एक्सलच्या मागे साचले, तर बैलगाडी उलार व्हावी तसा दांडा वर उचलू पाहतो, पिकअपच्या मागच्या चाकांची पकड सैल होते आणि वेग वाढताच ट्रेलर डावीकडे-उजवीकडे झोके घेऊ लागतो. उलट दांड्यावर प्रमाणाबाहेर भार आला, तर पिकअप मागे बसते, पुढची चाके हलकी होऊन स्टिअरिंग आणि ब्रेक दोन्ही कमकुवत होतात, शिवाय रात्री आपल्या हेडलाइटचा झोत समोरून येणाऱ्याच्या थेट डोळ्यांत जातो.

हा भार अंदाजाने ठरवण्याची काहीच गरज नाही, कारण माल मोजण्याचा काटा बागेत असतोच. सपाट जमिनीवर ट्रेलर उभा करून, चाकांना दगड लावून, हूकच्या उंचीइतका लाकडी ठोकळा काट्यावर ठेवावा आणि त्यावर दांडा टेकवावा. ठोकळ्याचे वजन वजा केले की आकडा समोर येतो. एवढे करूनही एक गोष्ट हमखास निसटते. वाटेत शहरातल्या एखाद्या ओळखीच्या दुकानदाराकडे काही कॅरेट उतरवायची असतील, तर हाताशी येतील ती उतरवली जातात, आणि ती पुढच्या भागातली निघाली की बागेत नीट जुळवलेला तोल भर रस्त्यात बिघडतो. म्हणून वाटेत द्यायचा माल मी पिकअपच्या हौद्यातच ठेवतो आणि ट्रेलर कळमन्यापर्यंत उघडत नाही.

भाड्याच्या ट्रेलरचा इतिहास आपल्याला ठाऊक नसतो, त्यामुळे तो ताब्यात घेताना घाई करणे मला मुळीच पटत नाही. टायरची नक्षी चांगली दिसली तरी बाजूवरचे चार अंक वाचावेत; ‘२३१९’ याचा अर्थ तो टायर २०१९ च्या तेविसाव्या आठवड्यात तयार झाला. हूकच्या गोळ्याचे माप आणि दांड्यावरच्या कपलरचे, म्हणजे त्या गोळ्यावर बसणाऱ्या पकडीचे, माप तंतोतंत जुळले पाहिजे. कपलर बंद केल्यावर जॅकने दांडा उचलून पाहावा; पिकअपची मागची बाजूही सोबत उचलली गेली, तरच तो खरोखर बसलेला आहे. सुरक्षा साखळ्या दांड्याखालून एकमेकींना छेद देऊन अडकवाव्यात, म्हणजे कपलर निसटला तरी दांडा रस्त्यात न रुतता साखळ्यांवर पडतो. ट्रेलरची नोंदणी स्वतंत्र असते, तेव्हा त्याची कागदपत्रे मागून घ्यावीत. शिवाय मोटार वाहन कायदा, १९८८ नुसार ओढणाऱ्या गाडीचा क्रमांकही ट्रेलरवर लावावा लागतो.

निघाल्यावर काही किलोमीटरांनी थांबून चाकांच्या हबजवळ, म्हणजे मधल्या भागाजवळ, हाताची मागची बाजू नेऊन पाहावी. एक हब दुसऱ्यापेक्षा बराच तापला असेल तर बेअरिंगकडे किंवा अडकलेल्या ब्रेककडे लक्ष द्यायला हवे. अनेक लहान ट्रेलरना स्वतःचे ब्रेक नसतात आणि सारे वजन पिकअपच्या ब्रेकनेच थांबवावे लागते, हे ध्यानात ठेवून पुढच्या वाहनापासून नेहमीपेक्षा कितीतरी जास्त अंतर राखावे. वळणावर ट्रेलरची चाके आतल्या बाजूने कापत येतात, म्हणून दुभाजकाजवळ वळण रुंद घ्यावे.

ट्रेलर झोके घेऊ लागलाच, तर जोरात ब्रेक दाबण्याचा आणि स्टिअरिंग उलटसुलट फिरवण्याचा मोह कटाक्षाने आवरावा. स्टिअरिंग सरळ धरून अॅक्सिलरेटरवरचा पाय हळूहळू काढला की वेग उतरतो आणि झोके विरतात. त्यानंतर गाडी रस्त्याच्या कडेला सुरक्षित जागी घ्यावी, मागची कॅरेट पुढे सरकवून पुन्हा बांधावीत आणि मगच निघावे.