त्रिस्तरीय मदतीचे मूल्यमापन : माझा अनुभव

मी शाळेत समुपदेशक आहे. विद्यार्थ्यांच्या मानसिक आरोग्यासाठी आमच्याकडे चालणाऱ्या त्रिस्तरीय व्यवस्थेचे मूल्यमापन करण्यास व्यवस्थापनाने मला सांगितले. पहिल्या स्तरावर सर्वांसाठी जीवनकौशल्यांच्या तासिका, दुसऱ्यावर निवडक मुलांचे छोटे गट, तर तिसऱ्यावर वैयक्तिक समुपदेशन आणि गरजेनुसार मनोविकारतज्ज्ञांकडे पाठवणी, अशी ही रचना आहे. तासिकांच्या व हजेरीच्या नोंदी चोख होत्या. मुलांचे पुढे काय झाले, हे मात्र त्यांतून कळत नव्हते.

दुसऱ्या स्तरासाठी वर्गशिक्षकांनी सुचवलेली बहुतेक नावे दंगा करणाऱ्या मुलग्यांची होती. म्हणून पालकांची संमती घेऊन आठवी-नववीत रॉबर्ट गुडमन यांची, मुलांच्या भावनिक व वर्तनविषयक अडचणी मोजणारी 25 विधानांची ‘एसडीक्यू’ प्रश्नावली भरून घेतली; 11 ते 17 वर्षांची मुले ती स्वतः भरू शकतात. भावनिक अडचणींत ज्यांचे गुण जास्त आले, त्यांत वह्या नीटनेटक्या ठेवणाऱ्या, शांत मुली बऱ्याच होत्या आणि त्यांपैकी फार थोड्या शिक्षकांच्या यादीत होत्या. यात शिक्षकांना दोष देण्यात अर्थ नाही. भरलेल्या वर्गात जो आवाज करतो, तोच आधी दिसतो.

गटांचा उपयोग झाला का, हे ठरवणे अधिक अवघड होते, कारण जास्त गुणांमुळे निवडलेल्या मुलांचे गुण पुढच्या वेळी काही प्रमाणात आपोआपच उतरतात. त्यामुळे प्रतीक्षायादीतील मुलांचे गुण मी शेजारी मांडले. फरक उरला, पण लहान. गोव्यातील ‘संगाथ’ संस्थेच्या ‘प्राइड’ प्रकल्पात दिल्लीच्या सरकारी शाळांतील 251 विद्यार्थ्यांवर झालेली चाचणी येथे उपयोगी पडली. बिगरतज्ज्ञ समुपदेशकांची मदत मिळालेल्या मुलांनी स्वतः सांगितलेल्या अडचणी, नुसत्या पुस्तिका मिळालेल्यांच्या तुलनेत, सहा आठवड्यांनी अधिक कमी झाल्या होत्या. ‘एसडीक्यू’च्या गुणांत मात्र तसा फरक दिसला नव्हता. म्हणून मीही प्रत्येकाला सर्वांत जास्त काय खुपते ते लिहून त्याला 0 ते 10 गुण द्यायला सांगितले. ‘बाबा घरी आले की अभ्यास सुचत नाही’ असे लिहिणाऱ्या मुलीचा आकडा आठावरून चारावर आला, तरी तिचे प्रश्नावलीतील गुण जवळपास तेवढेच राहिले.

तिसऱ्या स्तराची दुखरी बाजू फोन केल्यावर कळली. चिठ्ठी दिलेल्या पालकांपैकी बरेच जण रुग्णालयात गेलेच नव्हते, कारण ओपीडीच्या वेळेत जायचे म्हणजे दिवसाची मजुरी बुडवायची.

व्यवस्थापनाला तिन्ही स्तरांचा मिळून एकच आकडा हवा होता. मी तो दिला नाही. नोंदवहीत ‘मुलाचे नाव कोणी सुचवले’ आणि ‘तज्ज्ञांची पहिली भेट कधी झाली’ हे दोन रकाने वाढवून घेतले. पहिला रकाना वर्गशिक्षक भरतात, दुसऱ्यासाठी पालकांना फोन करण्याचे काम माझ्याकडे आहे.