घरातलं वायरिंग बदललं, पण खरं अडकलं ते मीटर रूमपाशी (माझा अनुभव)

ज्यांची बिल्डिंग वीस-पंचवीस वर्षं जुनी आहे त्यांच्यासाठी मुद्दाम लिहितेय, कारण घरातलं वायरिंग बदलणं हा सोपा भाग आहे, सोसायटीच्या मीटर रूमचं काय करायचं ते कोणी सांगत नाही.

आम्ही कोथरूडला, सात मजली बिल्डिंग. एसी घ्यायचा ठरला तेव्हा वायरमनने बोर्ड उघडला आणि म्हणाला, "ताई, ही दीडची (दीड स्क्वेअर एमएम जाडीची) वायर आहे, हिच्यावर एसी चालवू नका." मग सगळंच करून घेतलं. माल बुधवार पेठेत तपकीर गल्लीतून आणला, लाइट-पंख्याला दीडची वायर, १६ अँपिअरच्या पॉइंटला अडीचची, एसी-गिझरला चारची. बिल घ्याच, आणि आयएसआय मार्क नुसता बॉक्सवर नाही तर वायरवर छापलेला बघा. लोड (वीज कंपनीकडे मंजूर असलेला वापर) वाढवायचा अर्ज वगैरे सुरळीत झालं, त्यात सांगण्यासारखं काही नाही.

अडकलं ते पुढे. मीटरपासून घरापर्यंत येणारी मेन वायर पण तितकीच जुनी, आणि ती सोसायटीच्या डक्टमधून (वायरी वर नेणाऱ्या उभ्या पोकळीतून) येते म्हणून परवानगी पाहिजे. सेक्रेटरी काका म्हणाले, "एजीएमला (वार्षिक सभेला) विषय घेऊ." एजीएम सप्टेंबरमध्ये, आणि आम्ही मार्चमध्ये, ऐन उन्हाळा तोंडावर, घरोघरी एसी सुरू होणार! नुसती मीटर रूम बघायची म्हटली तरी चावी वॉचमनकडे, तो म्हणणार काकांना विचारा, काका म्हणणार चेअरमनना विचारा, आणि चेअरमन मुलीकडे बाणेरला. फोन केला की "बघतो".

शेवटी एकदाची उघडली तर आत गणपतीच्या मखराचं थर्माकोल, रंगाचे अर्धे डबे, थिनरची बाटली, कोणाची तरी जुनी गादी. हे सगळं मीटरच्या बोर्डाला टेकून! मला खरंच राग आला, कारण वरच्या मजल्यांवर म्हातारी माणसं राहतात आणि ही खोली जिन्याच्या अगदी खाली आहे, इथे पेटलं तर धूर पहिल्यांदा जिन्यातच भरणार, मग उतरायचं कुठून?

वायरमनने आमचा मेन स्विच काकांच्या समोरच उघडला. किटकॅटमध्ये (फ्यूजची तार बसवतात त्या खाचेत) फ्यूजच्या बारीक तारेऐवजी तांब्याची जाड तार पीळ देऊन बसवलेली. न्यूट्रल (करंट परत नेणारी वायर) जिथे जोडतात त्या लिंकचा स्क्रू सैल, आजूबाजूचं बॅकेलाइट तपकिरी पडलेलं, आणि वायरवरचं प्लास्टिक नखाने टोकरलं तर पापडासारखं तुटून हातात आलं. त्याने सांगितलं ते नीट समजून घ्या. सैल जॉइंट तापतो तो जास्त करंटमुळे नाही, नेहमीच्याच करंटवर तापतो, म्हणून घरात कितीही चांगले एमसीबी (जास्त करंट आला की आपोआप पडणारे स्विच) बसवा, ते पडणारच नाहीत, त्यांना कळतच नाही. आणि बिल्डिंगचा कॉमन न्यूट्रल सुटला तर काही घरांत २३० च्या जागी ४०० व्होल्टच्या जवळपास जाऊ शकतं, म्हणजे टीव्ही-फ्रिज तर जाणारच, आग पण लागू शकते.

काका गप्प झाले पण हलले नाहीत. मग मी महाराष्ट्राचा २००६ चा आग प्रतिबंधक कायदा काढला. त्यात इमारतीची आग विझवायची यंत्रणा चालू आहे असं लायसन्स असलेल्या एजन्सीचं सर्टिफिकेट दर जानेवारी आणि जुलैमध्ये अग्निशमन विभागाला द्यायचं असतं, त्याला फॉर्म बी म्हणतात. आमच्याकडे हायड्रंटचा (आग विझवायच्या पाण्याचा) पाइप आहेच, म्हणून लेखी पत्र देऊन मागच्या फॉर्म बी ची कॉपी मागितली आणि पत्राची पोच घेतली. तोंडी बोलत बसू नका, पोच घ्या, सगळा फरक त्यानेच पडला. कॉपी कोणाला सापडेना, मग कमिटीची मीटिंग लगेच लागली, खोली रिकामी झाली, आणि फक्त आमची नाही तर सगळ्यांच्या मेन वायर बदलायचं ठरलं. डक्टमध्ये मजल्या-मजल्याला जी भोकं होती ती पण बुजवून घेतली, नाहीतर धूर तिथून सरळ वर चढतो. मला याचा अभिमान आहे आणि तो लपवणार नाही.

एक लक्षात ठेवा, मीटरपर्यंतचं सील वीज कंपनीचं, त्याला आपल्या वायरमनने हात लावायचा नाही, तिथे काही जळकं दिसलं तर त्यांच्याकडे तक्रार करायची.

अजून आठवलं, एमसीबी सारखा पडतो म्हणून मोठा बसवून देणारे भेटतात, त्यांना सरळ नाही म्हणा. दीडच्या वायरला ३२ अँपिअरचा एमसीबी लावला तर तो पडायच्या आधी वायर जळते. शिवाय ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी घ्या, लिकेजसाठी, म्हणजे करंट बाहेर गळायला लागला की वीज तोडणारा स्विच.

आगीचा विषय निघालाच आहे तर स्वयंपाकघराचंही सांगते. गॅसची केशरी सुरक्षा ट्यूब दर ५ वर्षांनी बदलायची, तारीख ट्यूबवरच असते, सासूबाईंकडची बघितली तर कधीच उलटून गेलेली. सिलेंडरच्या वरच्या पट्टीवर बी आणि २७ असेल तर टेस्टिंगची मुदत जून २०२७ पर्यंत (ए मार्च, बी जून, सी सप्टेंबर, डी डिसेंबर). वास आला तर बटण चालू पण करू नका आणि बंद पण करू नका, रेग्युलेटर बंद करून खिडक्या उघडा आणि बाहेर येऊन १९०६ ला फोन करा. आग असेल तर १०१. कढईतलं तेल पेटलं तर पाणी अजिबात नाही, गॅस बंद करून झाकण ठेवा.

आता पार्किंगमध्ये ई-स्कूटरला खिडकीतून एक्स्टेंशन सोडून रात्रभर चार्जिंग लावतात, त्याचंही पत्र दिलंय, पोच घेतलीय.