दोन लेकरं आणि एक बाबागाडी

घरात दुसरं बाळ येणार म्हटलं की बाबागाडीचा विषय निघतो आणि सगळा विचार त्या येणाऱ्या बाळाभोवती फिरतो. माझं म्हणणं असं की गाडी थोरल्याकडे बघून निवडावी. तान्हं बाळ ३-४ किलोचं. बेबी कॅरियरवर लिहिलेलं किमान वजन भरलं की त्याला छातीशी बांधून बाजारहाट, दवाखाना, देवदर्शन सगळं उरकता येतं. दोन वर्षांचं मूल मात्र साधारण १२ किलोचं असतं. ते उड्या मारत निघतं आणि अर्ध्या वाटेत दोन्ही हात वर करून ‘उचल’ म्हणून उभं राहतं. गाडी खरी लागते ती तेव्हा.

त्यामुळे पहिला प्रश्न दोघांमधल्या अंतराचा. जुळी असतील किंवा अंतर दीड वर्षाच्या आत असेल तर दोन सीटची गाडी घ्या, त्यात काटकसर नको. अंतर अडीच-तीन वर्षांचं असेल तर एका सीटची चांगली गाडी आणि तिच्या मागे जोडायची उभं राहायची फळी पुरते. अडचण मधल्यांची. दीड ते अडीच वर्षांचं अंतर असलेल्या घरांनी एक आठवडा नुसतं निरीक्षण करावं. थोरलं न थांबता अर्धा तास चालत असेल तर जोडगाडी घेऊ नका. वर्षभरात ती गॅलरीत वाळत घातलेल्या कपड्यांखाली जाते.

दुकानात जाण्याआधी मोजपट्टी काढा. सीट शेजारी शेजारी असलेल्या जोडगाडीची रुंदी बहुधा ७२ ते ८० सेंटीमीटर असते. आपल्याकडच्या सहा माणसांच्या, म्हणजे ४०८ किलोच्या लिफ्टचं दार बऱ्याच इमारतींत ७० सेंटीमीटरचं असतं. म्हणजे गाडी लिफ्टच्या तोंडाशी अडकणार आणि रोज दोन मुलांना खाली उतरवून ती मिटावी लागणार. पुढे-मागे सीट असलेली गाडी ६० सेंटीमीटरच्या आसपास रुंद असते, दारातून सहज जाते, पण लांबी मीटरच्या वर. छोट्या लिफ्टची खोली जेमतेम मीटरभर, त्यामुळे रुंदीत पास झालेली गाडी लांबीत नापास होते. लिफ्टचं दार, आतली खोली, घराचं जाळीचं दार पूर्ण उघडल्यावर उरणारी जागा आणि सोसायटीच्या छोट्या फाटकाची रुंदी, हे चार आकडे खिशात ठेवून मगच खरेदीला निघा.

कारची डिकीही मोजा. सीएनजीची टाकी असेल तर मिटलेली जोडगाडी डिकीत मावण्याची आशा सोडा. रिक्षात सीटच्या मागच्या फटीत छत्रीसारखी मिटणारी हलकी गाडी उभी राहते, दोन सीटची नाही. आणि मुंबईच्या लोकलला गर्दीच्या वेळी गाडी नेण्याचा विचारच करू नका, तिथे कॅरियर बरा.

आता वजनाचं गणित, कारण दुकानातल्या गुळगुळीत फरशीवर प्रत्येक गाडी छान चालते. जोडगाडी स्वतः १२-१३ किलोची, थोरलं १२, सहा महिन्यांचं धाकटं साडेसात, वर पिशवी. ३२-३५ किलो झाले. हे ओझं ढकलणं तितकंसं जड नाही, फुटपाथवर चढवणं जड आहे. आपले फुटपाथ वीतभर उंच, त्यांना उतार क्वचितच. चढताना हँडल खाली दाबून पुढची चाकं उचलावी लागतात, आणि मागची चाकं तेव्हा तरफेच्या टेकूचं काम करतात. वजन जितकं पुढे, तितका हँडलवर जोर जास्त. म्हणून पुढे-मागे सीटच्या गाडीत जड मूल मागे बसलं पाहिजे. गंमत अशी की यातल्या बऱ्याच गाड्यांत पूर्ण आडवी होणारी सीट एकच असते आणि ती मागची. तिथे तान्हं झोपतं, १२ किलोचं थोरलं पुढे येतं आणि चाकं उचलता उचलता मनगटं भरून येतात. शेजारी शेजारी सीटच्या गाडीत हा त्रास नाही, पण ती जड मुलाच्या बाजूला ओढते. सामान हलक्या मुलाच्या बाजूच्या टोपलीत ठेवलं की ओढ कमी होते.

यावर एकच उपाय सांगते. दुकानात जाताना १० किलोची तांदळाची आणि ५ किलोची आट्याची पिशवी बरोबर न्या. दुकानदार आधी हसेल, मग खुर्ची बाजूला करून जागा देईल. पिशव्या सीटवर ठेवून पट्टे लावा, बाहेर पायरीवर चढवून-उतरवून बघा, एका हाताने वळवून बघा. उतारावर ब्रेक लावून गाडी हलकेच ढकला. ब्रेकची एकच पट्टी दोन्ही चाकं अडवत असेल तर उत्तम. दोन वेगळे ब्रेक असतील तर घाईत दुसरा हमखास राहतो.

तान्ह्यासाठी एक अट मोडायची नाही. आधाराशिवाय बसेपर्यंत, म्हणजे साधारण सहा महिने, त्याची सीट सपाट आडवी झाली पाहिजे. अर्धवट तिरक्या सीटवर हनुवटी छातीवर टेकते आणि श्वासाची वाट आवळली जाते. ‘जन्मापासून चालेल’ असं खोक्यावर लिहिलेलं असतं, तरी सीट स्वतः पाडून बघा. पट्टे पाच हवेत, दोन खांद्यांचे, दोन कमरेचे, एक पायांमधला. थोरल्यासाठी सीटची वजनमर्यादा वाचा. कित्येक गाड्यांची ती प्रत्येक सीटला १५ किलो असते, आणि तीन-साडेतीन वर्षांत मूल तिथे पोचतं. युरोपीय ईएन १८८८ मानकाचा दुसरा भाग २२ किलोपर्यंतच्या गाड्यांसाठी आहे, तो उल्लेख दिसला तर गाडी जास्त वर्षं चालेल.

उभं राहायच्या फळीची मर्यादा बहुधा २० किलो. तिचे क्लॅम्प गोल नळीवर घट्ट बसतात, चपट्या नळीवर घसरतात, तेव्हा आपल्या गाडीची मागची नळी बघूनच फळी घ्या. ढकलणाऱ्याच्या नडग्या तिला लागतात. हँडल लांब होणारं असेल तर हा त्रास निम्मा होतो.

चाकांबद्दल थोडक्यात. पेव्हर ब्लॉकच्या फटींत १२-१५ सेंटीमीटरची कडक प्लॅस्टिकची चाकं थरथरतात आणि आडवी होऊन अडकतात. पुढची चाकं निदान १८ सेंटीमीटरची, गरगर फिरणारी आणि हवी तेव्हा सरळ लॉक होणारी घ्या. हवेचे टायर मऊ चालतात, पण पंक्चर काढायला सायकलवाल्याकडे त्या मापाची ट्यूब मिळेलच असं नाही. फोमची चाकं आपल्या रस्त्यांना बरी.

हँडलला पिशव्या अडकवू नका. मूल उचललं की गाडी मागे कलंडते, आणि दोन मुलांत तर एक अजून आत असतं. उन्हात छतावर ओढणी किंवा दुपटं टाकायची सवय मोडा. त्याने हवा कोंडते आणि आत भट्टी होते, नागपूर-अकोल्याच्या मे महिन्यात तर फारच. सावली छताच्या झडपेने करा, वारा खेळता ठेवा.

मिटवताना दुसरं मूल जवळ नको. २००९ साली अमेरिकेत एका प्रसिद्ध कंपनीला सुमारे १० लाख गाड्यांच्या बिजागऱ्यांना कव्हर द्यावं लागलं, कारण त्यांत मुलांच्या बोटांची टोकं तुटली होती. थोरल्याला मदत करायची हौस असते, म्हणून आधी त्याचा हात दुसऱ्या कुणाच्या हातात द्या आणि मगच खटका दाबा.

जुनी गाडी घेत असाल तर ती उघडून सीट दाबा, लॉक सुटतो का बघा. बकल दहा वेळा लावा-काढा, पुढची चाकं हाताने हलवून खेळ किती आहे ते पाहा, कापडाच्या शिवणी आणि खालच्या कप्प्यातली बुरशी तपासा. कोकणातली, गोव्यातली गाडी असेल तर चाकांच्या आसांत वाळू आणि गंज आधी शोधा. घरी आणल्यावर चाकं काढून ब्रशने धुवा, पूर्ण वाळवा आणि आसांवर सिलिकॉन स्प्रे मारा. खोबरेल तेल नको, त्याला धूळ चिकटते आणि आठवड्यात चाक पुन्हा कुरकुरायला लागतं.