पाचातला एक कप

गेल्या हंगामात अराकू खोऱ्यातल्या कॉफीच्या एका लॉटला मी नापास केले. तो निकाल चुकीचा नव्हता आणि तीच कॉफी आज समोर आली तरी मी तेवढेच गुण देईन. पण त्या गुणांचा फटका ज्यांना बसला त्यांचा त्या दोषाशी काडीचाही संबंध नव्हता, ही गोष्ट अजून मनात सलते आहे.

मी पुण्यातल्या एका कंपनीसाठी कच्च्या कॉफीची पारख करते. तोडणीच्या काळात, म्हणजे साधारण नोव्हेंबर ते जानेवारी, आंध्र प्रदेशातल्या पूर्व घाटात, पाडेरू-अराकूच्या पट्ट्यात आमच्या पुरवठादाराच्या केंद्रावर मुक्काम असतो. चिकमगळूर किंवा कोडगूसारखे विस्तीर्ण मळे तिथे नाहीत. आदिवासी कुटुंबांची एक-दोन एकरांची कॉफी, वर सिल्व्हर ओकची सावली आणि त्याच झाडांवर चढवलेले मिरीचे वेल, असे त्या उतारांचे रूप आहे. जंगल जाळून केली जाणारी ‘पोडू’ ही फिरती शेती थांबावी म्हणून सरकारी यंत्रणेने तिथे कॉफी रुजवली, आणि २०१९ मध्ये अराकूच्या अरेबिका जातीच्या कॉफीला भौगोलिक मानांकनही मिळाले. मळेवाल्याकडे फळांची साल काढणारे स्वतःचे यंत्र म्हणजे पल्पर, बिया आंबवायचा स्वतःचा हौद आणि वाळवायला स्वतःचे खळे असते. इथे मात्र अनेक घरांची फळे एकाच केंद्रावर येतात आणि एकाच हौदात पडतात. त्यामुळे लॉटच्या पिशवीवर गावाचे नाव असले तरी आतला माल अनेक हातांचा असतो.

त्या दिवशी डिसेंबरात उतरलेल्या मालाचे नमुने चाखायचे होते. कॉफी चाखण्याची पद्धत बाहेरच्यांना अतिरेकी वाटते, परंतु तिच्यातला प्रत्येक काटेकोरपणा अनुभवातून आलेला आहे. प्रत्येक नमुन्याचे पाच कप मांडतात. दर कपात १५० मिलिलिटर पाण्याला ८.२५ ग्रॅम कॉफी. हे पाच भाग एकत्र दळून मग वाटत नाहीत. प्रत्येक भागाच्या बिया आधी मोजून, वेगळ्या दळतात. सव्वाआठ ग्रॅममध्ये जेमतेम साठेक बिया असतात आणि त्यांतली एक जरी सडकी निघाली तरी तिचा दोष तिच्याच कपात राहावा, इतरांत मिसळून झाकला जाऊ नये, हा त्यामागचा हेतू. त्र्याण्णव अंश तापमानाचे पाणी ओतून चार मिनिटे थांबायचे, वर जमलेला थर चमच्याने मोडायचा आणि नेमक्या त्या क्षणी नाक कपाशी न्यायचे. जो वास तेव्हा मिळतो तो पुन्हा मिळत नाही.

त्या नमुन्याचे पहिले तीन कप उत्तम होते. गुळाचा गोडवा, संत्र्याच्या सालीचा हलका आंबटपणा आणि नंतर जिभेवर रेंगाळणारी स्वच्छ चव. मी मनातल्या मनात पंच्याऐंशी गुण धरले होते. चौथ्या कपाचा थर मोडला आणि उन्हात दोन दिवस राहिलेल्या फणसाच्या गऱ्यांसारखा वास अंगावर आला. पाचवा कप पुन्हा निर्मळ होता. मी दुसरे पाच कप मांडायला लावले. त्यांतही एक तसाच निघाला.

या दोषाची बी कच्ची असताना पुष्कळदा निरोगी बीसारखीच दिसते, त्यामुळे निवडणाऱ्या बायकांच्या नजरेतून ती सुटते यात नवल नाही. शंभर गुणांच्या ज्या पत्रिकेवर आम्ही काम करतो, तिच्यात असा एक कप स्वच्छतेचे दोन गुण घालवतो, सारखेपणाचे दोन घालवतो आणि दोषाचे वेगळे चार कापले जातात. पंच्याऐंशीचे सत्त्याहत्तर झाले. स्पेशालिटी, म्हणजे वरच्या दर्जाच्या कॉफीची रेषा ऐंशीवर आहे. माझ्या शेजारी बसलेल्या सहकाऱ्याने, चार कप एवढे चांगले असताना चौथ्याकडे काणाडोळा करावा, असे सुचवले. असा काणाडोळा या धंद्यात होतो आणि तो करणारे स्वतःला शेतकऱ्यांचे कैवारी समजतात, हे मला अजिबात मान्य नाही. पुण्यात कोणीतरी पैसे मोजून तोच चौथा कप पिणार असतो.

निकाल लिहून मी केंद्राची आवकवही मागवली. फळे दिवसभर तोडली जातात, त्यामुळे गावागावांची आवक संध्याकाळी चार ते सातच्या दरम्यान येते आणि त्याच रात्री ती पल्परमधून निघते. त्या लॉटमधल्या नोंदी तशाच होत्या. फक्त घाटाच्या टोकावरच्या एका गावापुढे वेळ होती सकाळी नऊ. सकाळी नऊपर्यंत कोणी पोतेभर फळे तोडून आणू शकत नाही. ती आदल्या दिवशीची होती आणि रात्रभर प्लॅस्टिकच्या पोत्यांत दाबून राहून आंबली होती.

दुसऱ्या दिवशी केंद्रातल्या एका तरुण कर्मचाऱ्याला दुभाष्या म्हणून घेऊन मी त्या गावात गेले. तिथल्या एका वयस्क बाईने अंगणात सूप पुढे ओढून, हिरवी आणि अर्धवट पिकलेली फळे ती कशी बाजूला काढते ते दाखवले. तिच्या सुपातली फळे आमच्या केंद्रातल्या नमुन्यांपेक्षा एकसारखी लाल होती. तो तिला म्हणाला, ‘‘अम्मा, त्या दिवशी काय झालं ते मॅडमना सांगा.’’ ती म्हणाली, ‘‘अंधार पडेपर्यंत आम्ही पोती घेऊन रस्त्यावर बसलो होतो. गाडी आलीच नाही. फळं घरी नेऊन पसरायची, तर सकाळी परत भरायला माणसं कुठून आणायची?’’ चौकशीत कळले ते असे, की जास्त माल असलेल्या गावाकडे गाडी आधी वळवली गेली होती. हिशेबाच्या दृष्टीने ते सोयीचेच होते.

शेतकऱ्यांना फळे देताना एक दर मिळतो आणि लॉट ऐंशीच्या वर गेला तर दुसरा हप्ता मिळतो. तो हप्ता त्या लॉटमधल्या सगळ्याच घरांचा गेला; ज्यांची फळे वेळेवर पोहोचली होती त्यांचाही. करारात गुणवत्तेची जबाबदारी शेतकऱ्यावर आहे आणि वाहतुकीबद्दल एक ओळही नाही. पुण्यातल्या कॅफेत पाकिटावर शेतकऱ्याचा हसरा फोटो आणि समुद्रसपाटीपासूनची उंची छापलेली असते, गिऱ्हाईक ते कौतुकाने वाचते; पण हा दुसरा हप्ता कशावर ठरतो, असे मला आजवर एकानेही विचारलेले नाही.

मी कंपनीला आणि पुरवठादाराला सविस्तर लिहिले. फळांचा पिकलेपणा आणि निवड या गोष्टी शेतकऱ्याच्या हातात आहेत. त्या केंद्राच्या दारातच तपासून दुसरा हप्ता तिथेच नक्की करावा, पुढच्या दोषाचा तोटा ज्याच्या ताब्यात माल असेल त्याने सोसावा, आणि उशिरा आलेली फळे त्या रात्रीच्या हौदात कधीही मिसळू नयेत. उत्तर आले, की सूचना चांगल्या आहेत, पुढच्या हंगामात पाहू.

तो पुढचा हंगाम आता चालू आहे. टोकावरच्या त्या गावाने बहुतेक फळे सालीसकट अंगणात वाळवून आठवडी बाजारातल्या व्यापाऱ्याला दिली. दर कमी मिळाला, पण पैसे त्याच दिवशी हातात पडले. केंद्राच्या अहवालात त्या गावापुढे ‘गुणवत्तेबाबत उदासीन’ असा शेरा आहे आणि तो अहवाल मंजुरीसाठी माझ्याकडे आला होता. मी तो शेरा खोडला, गेल्या वर्षीच्या आवकवहीतले ते पान जोडले आणि सही न करता अहवाल परत पाठवला.