नऊ मॉक दिले आणि स्कोअर तिथल्या तिथेच

जीमॅटची, म्हणजे एमबीएच्या प्रवेशासाठी देतात त्या परीक्षेची, तयारी सुरू केली तेव्हा माझं गणित एकदम सोपं होतं, म्हणजे पेपरातलं नाही हं, तयारीचं. जितके जास्त मॉक (सरावाचे पूर्ण पेपर) तितका जास्त स्कोअर. बस. त्यामुळे पहिल्याच आठवड्यात अधिकृत साइटवरचे दोन्ही फुकटचे मॉक उडवून टाकले, मग इकडून तिकडून मिळतील ते, दर शनिवारी एक, कधी चेव आला तर रविवारी अजून एक. सहा आठवड्यांत नऊ मॉक. आणि स्कोअर काय तर ५७५, ५८५, ५६५, ५९५, परत ५७५... एखाद्या आजारी माणसाच्या तापाचा चार्ट असतो ना तसं चाललं होतं, जरा वर जरा खाली, बरं काही वाटेना.

एका मैत्रिणीची परीक्षा नुकतीच झाली होती आणि चांगली झाली होती, तिच्याकडे रडगाणं गायले. तिने एकच विचारलं, "मॉक संपल्यावर काय करतेस?"

"स्कोअर बघते."

"बरं, मग?"

"मग काय, झोपते. अगं सव्वादोन तास डोकं पिळून निघतं."

ती हसली नाही. म्हणाली, "म्हणजे तू नुसतं वजन करतेस, रोज काट्यावर उभी राहतेस. वजन करून कुणी बारीक झालंय का?"

लागलं मला ते. पण खरं होतं.

ज्यांना पॅटर्न माहीत नाही त्यांच्यासाठी पटकन सांगते. आताच्या जीमॅटमध्ये तीन सेक्शन असतात, क्वांटचे (गणित) २१ प्रश्न, व्हर्बलचे (इंग्रजी वाचन आणि तर्क) २३ आणि डेटा इनसाइट्सचे (तक्ते, आलेख, माहिती) २०, प्रत्येकाला ४५ मिनिटं, आणि मध्ये घ्यायचा असेल तर १० मिनिटांचा ब्रेक. स्कोअर २०५ ते ८०५, आणि शेवटचा आकडा कायम ५. हे नवीन रूप नोव्हेंबर २०२३ मध्ये आलं, जुनी परीक्षा जानेवारी २०२४ अखेर बंद झाली. हे सांगायचं कारण असं की जुने मॉक अजूनही सगळीकडे फिरतायत आणि लोक बिचारे ते सोडवत बसतात. तुमच्या मॉकमध्ये क्वांटला ३१ प्रश्न असतील, भूमिती असेल, व्हर्बलमध्ये वाक्य दुरुस्त करायचे प्रश्न असतील किंवा शेवटी स्कोअर ६८० वगैरे शून्यावर संपत असेल तर तो मॉक बंद करा, तो तुमच्या परीक्षेचा नाहीच. मी असे दोन दिले होते, नंतर कळलं. आणि जुना ७०० म्हणजे नवा ७०० नव्हे, नव्यातला साधारण ६४५ हा जुन्या ७०० च्या तोडीचा धरतात, त्यामुळे ओळखीतल्या कुणाच्या चार वर्षांपूर्वीच्या स्कोअरशी आपला लावून रडत बसू नका (मी बसले होते).

तर मैत्रिणीने सांगितलं ते असं. मॉक देशील त्या दिवशी काही बघू नकोस, खरंच झोप. दुसऱ्या दिवशी बस, आणि जेवढा वेळ मॉकला दिला त्याच्या दुप्पट वेळ त्याच्यासोबत घालव. चुकलेला प्रत्येक प्रश्न, आणि ठोकताळ्याने बरोबर आलेला प्रत्येक प्रश्न, उत्तराचं स्पष्टीकरण न उघडता पुन्हा कोऱ्या कागदावर सोडव, घड्याळ न लावता. ठोकताळ्यावाले प्रश्न लोक सोडून देतात, कारण हिरवी टिक दिसते ना, आणि हिरव्या टिकेकडे कोण वळून बघतं.

पहिल्यांदा असं बसले तेव्हा इतका कंटाळा आला की काय सांगू. पण तिसऱ्या-चौथ्या प्रश्नाला जे सापडलं त्याने झोप उडाली. डेटा सफिशियन्सीचा एक प्रश्न होता, जसाच्या तसा देत नाही, त्याच धाटणीचा बनवून देते. ऑफिसमध्ये ४० जण आहेत, बायका २० पेक्षा जास्त आहेत का? विधान एक, बायका आणि पुरुष यांच्या संख्येत ६ चा फरक आहे. विधान दोन, बायका १८ पेक्षा जास्त आहेत. प्रश्न उत्तर काढण्याचा नसतो, उत्तर काढायला कुठली माहिती पुरते एवढंच सांगायचं असतं.

विधान एकने काय होतं, बायका २३ किंवा १७. पुरत नाही, बरोबर. मग मी विधान दोनकडे गेले, १८ पेक्षा जास्त, म्हणजे १७ कटाप, म्हणजे २३, म्हणजे हो, २० पेक्षा जास्त! दुसरं विधान एकटंच पुरतं, ठोका पर्याय बी. आणि उत्तर होतं सी, दोन्ही मिळून. कारण दुसरं विधान एकटं घेतलं तर बायका १९ ही असू शकतात आणि २५ ही, त्याला २३ आणि १७ चं काही माहीतच नाही. ते माझ्या डोक्यात होतं, विधानात नव्हतं. पहिल्या विधानाचं सामान उचलून मी दुसऱ्याच्या घरी गेले.

ही चूक गणिताची नाहीये, हे (४० - ६) भागिले २ शाळकरी पोरगं करेल. आणि मी मागचे मॉक उघडून बघितले तर हीच चूक, ह्याच पद्धतीची, पाच ठिकाणी. पाच! आणि मी त्या सहा आठवड्यांत काय करत होते तर क्वांट कच्चं आहे म्हणून प्रोबॅबिलिटीचे व्हिडिओ बघत होते. प्रोबॅबिलिटी बरी होती माझी, उगाच.

मग एक्सेल शीट केली. प्रश्न कुठला, किती वेळ लागला, मी काय निवडलं, का निवडलं, आणि पुढच्या वेळी काय करणार. "का निवडलं" हा कॉलम सगळ्यात जड जातो. तिथे "सिली मिस्टेक" लिहायचं नाही असा नियम केला, कारण सिली मिस्टेक म्हटलं की माणूस सुटतो, पुढे विचारच करत नाही. "विधान दोन बघताना विधान एक डोक्यात होतं" असं लिहिलं की त्यावर काहीतरी करता येतं. मी केलं काय, तर विधान एक बघून झालं की कागदावर खाली आडवी रेघ मारायची आणि रेघेखाली प्रश्न पुन्हा दोन शब्दांत लिहायचा. बावळटासारखं दिसतं, पण चालतं.

दुसरी गोष्ट सापडली ती वेळेची. क्वांटला प्रश्नामागे दोन मिनिटं आणि वर थोडे सेकंद मिळतात. एका मॉकमध्ये अकराव्या प्रश्नाला मी सव्वापाच मिनिटं दिली होती, आणि तो बरोबर आला होता, मी खूश. पण त्यामुळे शेवटचे चार प्रश्न दोन मिनिटांत उरकले, तीन चुकले, आणि दुसऱ्या दिवशी कोऱ्या कागदावर सोडवले तेव्हा त्यातले दोन अगदी हातचे निघाले. आणि सोडून पण देता येत नाही, कारण प्रश्न अर्धवट राहिले तर स्कोअरला फटका बसतो. मग मी ७ प्रश्नांचे तीन तुकडे केले, सातवा संपताना घड्याळात ३० मिनिटं उरलेली हवीत, चौदावा संपताना १५. मागे पडले असेन तर पुढचा जो किचकट दिसेल त्यावर अंदाजे ठोकायचं, बुकमार्क करायचा आणि निघायचं. शेवटी वेळ उरला तर परत येता येतं, एका सेक्शनमध्ये तीन उत्तरं बदलता येतात. माझा वेळ कधी फारसा उरला नाही तो भाग वेगळा.

अजून एक गैरसमज होता माझा, की किती चुकले ते मोजायचं. पण ही परीक्षा तुमच्या उत्तरांप्रमाणे पुढचा प्रश्न निवडते, बरोबर येत गेले की अवघड देत जाते, त्यामुळे पेपर चांगला चालला असेल तेव्हाच तो जीव खातोय असं वाटतं. तेवढेच प्रश्न चुकून दोन मॉकचे स्कोअर वेगळे येऊ शकतात. आणि बाहेरच्या मॉकवाल्यांचा स्कोअर म्हणजे त्यांचा अंदाज, काही जण मुद्दाम कडक ठेवतात की काय असंही वाटतं. म्हणून त्यांचे मॉक सरावाला आणि स्टॅमिन्याला, आणि आपण कुठे आहोत ते बघायला अधिकृतच. मी ते पहिल्या आठवड्यात जाळले ही माझी चूक. रीसेट करून पुन्हा देता येतात, पण काही प्रश्न पुन्हा तेच येतात, आणि ओळखीचा प्रश्न बरोबर आल्याचा आनंद हा उसना आनंद असतो. शेवटी वेगळे पैसे भरून अधिकृत संच घ्यावे लागले.

व्हर्बलचं फार काही सांगत नाही, तिथे माझा आजार एकच, क्रिटिकल रीझनिंगमध्ये (छोट्या उताऱ्यातला युक्तिवाद तपासायचे प्रश्न) जो पर्याय खरा वाटतो तो निवडायचा, भले विचारलंय त्याचा त्याच्याशी संबंध नसो. शीटमध्ये आठ वेळा लिहिल्यावर सवय सुटली.

हां, आणि मॉक द्यायची पद्धत. रात्री अकराला, पलंगावर लोळत, मध्ये फोन बघत, पाणी प्यायला उठत दिलेला मॉक धरूच नका. खरी परीक्षा सकाळी असेल तर सकाळी, टेबलावर, सेक्शनचा क्रम पण तोच जो त्या दिवशी घेणार आहात (क्रम आपला आपण निवडता येतो, मी डेटा इनसाइट्स आधी घ्यायचे कारण शेवटी घेतलं की तक्ते डोळ्यांसमोर नाचायचे). कॅल्क्युलेटर फक्त डेटा इनसाइट्समध्ये मिळतो, त्यामुळे घरी क्वांट करताना फोनवर "फक्त एवढाच एक भागाकार" करायचा नाही.

नंतरच्या सात आठवड्यांत मी फक्त चार मॉक दिले. ६०५, ६२५, ६१५, ६५५. ६१५ आल्यावर दोन दिवस तोंड पाडून होते, मग शीट उघडली तर व्हर्बलमध्ये शेवटी वेळ संपला होता, बाकी सगळं नीट होतं. शेवटचा मॉक परीक्षेच्या सहा दिवस आधी दिला, त्यानंतर नुसती शीट वाचली. खऱ्या परीक्षेत ६४५ आले. मैत्रिणीला फोन केला तर म्हणे, "काट्यावर उभी राहिलीस का शेवटी?"

बऱ्याच जणांनी ती शीट मागितली म्हणून सांगते, देणार नाही. एक तर तुमच्या काही कामाची नाही, आणि दुसरं म्हणजे "का निवडलं" च्या कॉलममध्ये मी स्वतःला इतक्या शिव्या घातल्यात की आईच्या हाती लागली तर माझं काही खरं नाही.