एका नवऱ्याचं अनेकवचन

मंगळवार, रात्री साडेदहा

वहीत १४ लाल गोल. घरी आल्यावर चपला काढायच्या आधी मोजले.

फ्रेंचच्या वर्गाला घरातल्या एका माणसावर दहा ओळी लिहून न्यायच्या होत्या. मी ह्यांच्यावर लिहिल्या. दुसरं आहे कोण आता घरात? 'मों मारी', माझा नवरा, इथपर्यंत बरोबर. (मारी म्हणजे नवरा, बिस्किट नव्हे. हा विनोद पहिल्याच आठवड्यात होऊन गेलाय.) पुढे 'हे सकाळी फिरायला जातात'. हे जातात म्हणजे अनेकवचन, म्हणून 'इल'ला, म्हणजे 'तो'ला, शेवटी एस लावला. ह्यांना चहा देते, तिथे 'लर'. ह्यांची वाट बघते, तिथे 'ले'. क्रियापदंही झाडून सगळी अनेकवचनी.

"काकू, तुमची सर्वनामं एकमेकांशी अगदी छान जुळतात," शिकवणारी पोरगी म्हणाली. "फक्त नामाशी जुळत नाहीत. नवरे किती तुम्हाला?"

वर्ग हसला. मीही हसले, जरा जास्तच. रिक्षा कर्वे रोडला लागली तेव्हा घशाशी काहीतरी आलं. ५८व्या वर्षी हे कोणी सांगितलं होतं? लेक मनू म्हणतच होती, विहीणबाईंशी इंग्लिशमध्ये बोल म्हणून. त्यांना इंग्लिश येतं माझ्याइतकंच, म्हणजे दोघी मिळून अर्धं. डिसेंबरात त्या इथे बसणार, मी इथे बसणार, आणि मधे चकल्यांची ताटली. जाऊ दे.

जेवणं झाल्यावर दुरुस्ती करायला बसले. एस खोडायचा, बस. पहिल्या ओळीलाच पेन अडलं. एस खोडला की उरतो 'तो'. लग्नाला ३१ वर्षं झाली, मी ह्यांना कधी 'तो' म्हटलेलं नाही. रागातसुद्धा नाही. उलट रागात तर जास्तच 'हे'. नाव घेतलं ते उखाण्यात, तेही मागून मावशी सांगत होती म्हणून. मनू जावयांना सरळ नावाने हाक मारते, त्याचं मला काही वाटत नाही. मग माझ्याच हाताला काय झालं?

फ्रेंच लोकांना मान कळत नाही म्हणावं, तर तसंही नाही. समोरच्या परक्या माणसाला 'वू', चांगलं आहो-जाहो. पण पाठ फिरली की कोणीही पुरुष असो, 'इल'. सर्वनाम माणसाकडे बघतच नाही, नामाकडे बघतं. ७२ वर्षं गादीवर बसलेला चौदावा लुईसुद्धा 'सा माजेस्ते' (आपलं 'महाराज') म्हटला की पुढे 'एल', म्हणजे ती. कारण माजेस्ते हा शब्द स्त्रीलिंगी. मिशीवाल्या राजाची ती होते, तर आमच्या ह्यांचा तो झाला म्हणून काय बिघडलं?

'लर'चंही तसंच. ह्यांचं घर असं लिहिलं होतं, ते आता 'सा मेझों'. तिथलं 'सा' घराचं लिंग सांगतं, मालकाचं नाही. त्याचं घर की तिचं घर, वाक्यावरून कळत नाही. यावर आज नको.

तर खोडत गेले. तो सकाळी फिरायला जातो. तो पेपर वाचतो. मला खरी टोचली ती ही गोष्ट, की पाचव्या ओळीनंतर काहीच वाटेना. सरसर जमायला लागलं. त्याला कमी गोड चहा लागतो. त्याला रात्री झोप येत नाही. मान वर करून हॉलमध्ये बघितलं तर टीव्हीच्या उजेडात एक माणूस पाय वर घेऊन बसलेला, पायमोज्याला भोक. कुणाचा तरी मुलगा वाटला. सासूबाईंना असाच दिसत असणार. त्या 'तो'च म्हणायच्या.

एवढ्या लवकर जमायला नको होतं.

"काय पुटपुटतेस गं?" हॉलमधून. हे मला तूच म्हणतात, पहिल्या दिवसापासून. त्याला कोणी लाल गोल काढला नाही.

मग मोठ्याने वाचायला घेतलं आणि हसूच आलं. 'इल पार्ल', तो बोलतो. ते बोलतात, तेही 'इल पार्ल'! एस मुका, क्रियापदाच्या शेवटची ई-एन-टीसुद्धा मुकी. म्हणजे माणूस बोलतोय, जेवतोय, टीव्ही बघतोय तोवर एक की अनेक, ऐकणाऱ्याला पत्ता लागत नाही. नुसता आहे म्हटलं की सापडतो, एकाला 'ए', अनेकांना 'सों'. आणि प्रेम करतो म्हटलं की सापडतो. एकटा असला तर 'इलेम', अनेक असले तर 'इल्झेम'. तो मुका एस नेमका तिथे बोलतो.

दहा ओळींत प्रेम करायची वेळ माझ्यावर आलीच नव्हती. 'आहे'ची दोन वाक्यं होती, ती बदलली.

हॉलमध्ये जाऊन ह्यांना सगळं वाचून दाखवलं. अक्षर कळलं नाही, पण टीव्हीचा आवाज कमी केला होता. "माझ्याबद्दल आहे का?" म्हणाले. हो म्हटलं. वहीत शेवटच्या तीन ओळींतले एस मी अजून खोडलेले नाहीत.