तुम्ही विचारलंत म्हणून: मी एवढी शांत कशी राहते?

हा प्रश्न विचारणाऱ्यांनी माझी नखं पाहिलेली नसतात. अंगठे सोडले तर एकही धड नाही. चेहरा आजोबांवर गेलाय, म्हणजे आत कितीही घालमेल चाललेली असली तरी वरून ढिम्म. लोकांना तो चेहरा दिसतो आणि शांतपणाचं श्रेय फुकट पदरात पडतं. खरं सांगायचं तर मी शांत नसते. अस्वस्थ असताना काय करू नये, एवढं मात्र थोडंफार कळलंय. तेही उशिरा.

काही वर्षांपूर्वी आईच्या मानेपाशी एक गाठ हाताला लागली. (आई आता ठणठणीत आहे. हे आधीच सांगून टाकते, नाहीतर तुमचाही जीव टांगणीला लागायचा.) बायोप्सी झाली आणि 'आठवड्याभरात रिपोर्ट येईल' असं आम्हाला सांगण्यात आलं. त्या आठवड्याचे तेरा दिवस झाले. तेवढ्या काळात मनातल्या मनात मी आईला तीनदा बरी केली आणि पाच वेळा... ते जाऊ दे. दिवसातून वीसदा फोन उघडून बघायचे. रात्री गाठींबद्दल वाचत बसायचे. वाचलं की घाबरायचे आणि घाबरले की आणखी वाचायचे. याला मी तेव्हा 'माहिती घेणं' म्हणत होते.

पुढे एका प्रयोगाबद्दल वाचलं आणि ते दिवस जरा उलगडले. युनिव्हर्सिटी कॉलेज लंडनच्या संशोधकांनी तो 2016 मध्ये प्रसिद्ध केला. त्यांनी 45 जणांना संगणकावर एक खेळ खेळायला लावला. दगडाखाली साप आहे की नाही ते ओळखायचं आणि साप निघाला की हाताला विजेचा झटका खायचा, चांगला दुखेल असा. एकीकडे घाम, डोळ्यांच्या बाहुल्या यांवरून कोणाला किती ताण येतोय ते मोजलं जात होतं. झटका बसणारच हे ठाऊक असताना ताण सगळ्यात जास्त असेल, अशी माझी समजूत होती. निघालं भलतंच. बसेल की नाही याची शक्यता निम्मी निम्मी असतानाच माणसं सगळ्यात जास्त बेजार झाली. बसणारच म्हटल्यावर त्यापेक्षा बरी होती.

मला यातलं आणखी एक निरीक्षण आवडलं. ज्यांचा ताण अनिश्चिततेबरोबर नेमका वरखाली होत होता, त्यांचे साप ओळखण्याचे अंदाजही जास्त बरोबर येत होते. म्हणजे ही धाकधूक अगदीच बिनकामाची नाही. ती जागं ठेवते. पण खेळात पुढचा दगड उचलायचा तरी असतो. रिपोर्टची वाट बघणाऱ्याने काय उचलायचं? हाताला काही काम नसलं की मन आपलं आपणच निकाल लावून मोकळं होतं, आणि तो बहुतेक वाईटच लावतं. वाईट का होईना, उत्तर तर मिळालं!

म्हणून 'सकारात्मक विचार कर' म्हणणाऱ्यांवर माझा फारसा विश्वास नाही. 'सगळं चांगलंच होईल' हाही हाती पुरावा नसताना लावलेला निकालच. मन काही खुळं नाही, त्याला हे कळतं.

मग मी करते तरी काय? आधी शरीराकडे बघते. वॉल्टर कॅनन या अमेरिकन शरीरशास्त्रज्ञाने शंभरेक वर्षांपूर्वीच दाखवून दिलं होतं की धोका जाणवला की शरीर लढायच्या किंवा पळायच्या तयारीला लागतं. ॲड्रेनलिन उसळतं, छाती धडधडते, पचन मंदावतं. त्या अवस्थेत केलेला विचार म्हणजे पळता पळता केलेला हिशेब. तो चुकणारच. श्वास आत घेताना हृदयाचे ठोके किंचित वाढतात आणि सोडताना मंदावतात. त्यामुळे चार मोजत आत, सात-आठ मोजत बाहेर, असं पाचेक मिनिटं करते. कंटाळवाणं आहे, पण उपयोग होतो.

काळजीला वेळ नेमून देणं हे मला सगळ्यात अवघड गेलं. हे माझ्या डोक्यातून आलेलं नाही. थॉमस बोर्कोव्हेक या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1983 मध्ये हा उपाय तपासून पाहिला होता. रोज ठरलेल्या वेळी, ठरलेल्या जागी अर्धा तास मनसोक्त काळजी करायची. एरवी काळजी डोकावली की तिला 'संध्याकाळी ये' म्हणून परत पाठवायचं. पहिले चार दिवस ती ऐकत नाही, दारातच ठाण मांडते. पाचव्या दिवशी मी वहीत नेमक्या शब्दांत लिहिलं: 'आई नसेल तर मी कोणाला फोन करणार, याची मला भीती वाटते.' तोवर मी त्याला नुसतं 'टेन्शन' म्हणत होते. टेन्शनचं काही करता येत नाही. या वाक्याचं करता आलं. उठले आणि आईलाच फोन केला. विचारायचं काही नव्हतं, तरी अर्धा तास बोललो.

आता आईचं सांगते. मुळात शांत कोण असेल तर ती. त्या तेरा दिवसांत तिने कपाट आवरायला काढलं होतं, तेही रोज एकच कप्पा. मी भेटायला गेले की येरझाऱ्या घालत असायचे. ती म्हणायची, "अगं, बस जरा. तुला बघून मला चक्कर येते." आणि हातातल्या पिशवीतली जुनी बटणं रंगांप्रमाणे लावत राहायची. मला तेव्हा राग यायचा. एवढं डोक्यावर असताना बटणं कसली लावतेस? आता वाटतं, रिपोर्ट कधी येणार हे तिच्या हातात नव्हतं, पण आजचा कप्पा आज संपणार हे नक्की होतं. दिवसाला एवढी एक खात्री तिला पुरत होती.

तेराव्या दिवशी रिपोर्ट आला. गाठ चांगली नव्हती. ऑपरेशन करावं लागणार होतं, पुढचे काही महिने अवघड जाणार होते. डॉक्टरांनी सगळं नीट समजावून सांगितलं आणि आम्ही बाहेर आलो.

"बरं झालं, कळलं एकदाचं," आई म्हणाली. "खालचा कप्पा राहिलाय. तो उद्या काढते."

त्या रात्री मी नऊ तास झोपले.